आयतवारचा डॉक्टर

गावाहून आप्पांचा फोन आला की आई आधी डोक्यावर पदर घ्यायची. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते बोलायचे तिकडं माणदेशात, वाण्याच्या दुकानातल्या फोनवरून, आणि आई असायची इकडं मुलुंडला, आमच्या खोलीत, गॅसपुढं. पण रिसीव्हरमधून त्यांचा खर्जातला आवाज बाहेर फुटला की हिचा हात आपसूक पदराकडं जायचा. माझी हसून हसून पुरेवाट व्हायची. "अगं आई, त्यांना काय दिसतंय का तिकडून?" तर म्हणायची, "त्यांना नसंल दिसत. मला तर म्हाईत हाय ना, थोरला दीर बोलतोय ते." गावी गेलो तरी तीच तऱ्हा. आप्पा हातभर अंतरावर जेवायला बसलेले असायचे आणि ही मला सांगायची, "सुजे, विचार आप्पांना, भाकरी वाढू का?" आप्पाही माझ्याकडंच बघून म्हणायचे, "म्हणावं, अर्धी वाढ." इतक्या वर्षांत ती दोघं एकमेकांशी थेट एक वाक्य बोलली नसतील. भांडण नव्हतं काही. उलट दोघांना एकमेकांबद्दल फार वाटायचं. पण थोरल्या दिराशी बोलायचं नसतं म्हणजे नसतं, विषय संपला.

आमची खोली डोंगराच्या बाजूला, चढावर होती. आता तिथं लिफ्टवाली उंच इमारत आहे आणि तिच्या खाली दातांच्या डॉक्टरचं चकाचक दुकान. तेव्हा कौलारू चाळ, पुढं एक लांबलचक गॅलरी, आणि गॅलरीत सगळ्यांचं सगळं चालायचं. रविवारी सकाळी तर विचारू नका. एकीकडं रेडिओ, एकीकडं पाट्यावर वाटणाचा आवाज, पलीकडच्या घरात मुलाला अंघोळीसाठी धरून मारणं, खालच्या नळावर हंड्यांची आदळआपट, आणि या सगळ्यावर भाजलेल्या खोबऱ्याचा वास. रविवारी आमच्याकडं मटण. दादा स्वतः जाऊन आणायचे, खाटकाशी हुज्जत घालून. दादा म्हणजे माझे वडील. आठवडाभर ते स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. सकाळी दवाखाना उघडायचा, बाटल्या धुवायच्या, लाल मिक्श्चर करायचं, गोळ्या कुटून पुड्या बांधायच्या, जखमा पुसायच्या. डॉक्टर राहायचे पवईला. दवाखान्याची किल्ली दादांकडं असायची, आणि अडीनडीला दादा हाताशी असावेत म्हणून डॉक्टरांनीच खटपट करून आमच्या खोलीत फोन आणून दिला. अख्ख्या चाळीत तो एकच फोन. आई त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकून ठेवायची.

डॉक्टरांचा फोन क्वचित यायचा. गावाचाच यायचा. गावात एक उपकेंद्र होतं. दोन खोल्या, एक हातपंप, आणि तालुक्याहून सकाळच्या एसटीनं येणाऱ्या नर्सबाई. बाई कामाला चोख होत्या, पण चारची एसटी चुकली की त्यांची घरी जायची पंचाईत, म्हणून चारला कुलूप. रविवारी दिवसभर कुलूप. डॉक्टर बघायचा तर पुढं मोठ्या केंद्रावर जायचं, तेही जागेवर सापडतील याची खात्री नाही. आता माणूस काय नर्सबाईंची वेळ बघून आजारी पडतो का? तर चारनंतर आणि रविवारी आमच्या वस्तीतला माणूस वाण्याच्या दुकानात जायचा आणि मुलुंडला फोन लावायचा. "जय भीम. डॉक्टर हायत का?" आणि दादा माझ्या हातातून रिसीव्हर घेऊन म्हणायचे, "हां, बोला."

डॉक्टर! दहावी झालेला माणूस. पण त्यांनी कधी "मी डॉक्टर नाही" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. सुरुवातीला संकोच वाटला असेल, मग सवय झाली असेल. फोनवर त्यांचा आवाजसुद्धा बदलायचा, अगदी डॉक्टरांसारखा थोडा नाकात जायचा. "जीभ बघा. कोरडी हाय का? लघवी कवा झाली? पोरगं रडताना डोळ्यांतनं पाणी येतंय का?" मग मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते हळूहळू, दोनदा सांगायचे आणि समोरच्याकडून वदवून घ्यायचे. त्या पाण्यानं वस्तीतली पोरं वाचली आहेत, हे मी छातीठोक सांगते. गोळ्यांची नावं कोण लक्षात ठेवणार, म्हणून रंग. पांढरी तापाची, गुलाबी पोटाची, पिवळी खाजेची. डॉक्टरांकडं येणारे नमुने ते मागून घ्यायचे आणि ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवायचे. आप्पांच्या घरी एका डालड्याच्या डब्यात तो साठा असायचा. आणि ज्याचं कळायचं नाही, त्याला ते सरळ सांगायचे, "तालुक्याला न्या, थांबू नका." हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना भोंदू समजाल. भोंदू नव्हते ते. शेजारच्या परबकाकू मालवणच्या, तोंडानं भारी तिखट. रविवारी दादा फोनला चिकटले की गॅलरीतून ओरडायच्या, "काय गो, आज तुमच्या दवाखान्यात मोठी लाइन दिसता!" दादा वरवर चिडायचे. आतून खूश व्हायचे. मीसुद्धा व्हायचे, खोटं कशाला बोलू.

मी नोकरी केली विमा कंपनीत. औषधाशी माझा संबंध डोकेदुखीच्या गोळीपुरता. तरी आजही गावाहून फोन मलाच येतात, कारण मी दादांची मुलगी. आता व्हिडिओ कॉल असतो. कुणाच्या तरी पायावरची सूज माझ्या मोबाइलभर पसरते आणि मागून आवाज येतो, "ताई, नीट दिसतंय का?" उपकेंद्राला नवी इमारत झाली, फरशी बसली, बाहेर चोवीस तास सेवेची पाटी लागली. चारनंतर पाटी असते आणि कुलूप असतं. रुग्णवाहिकेला फोन लावला की ती येते, पण तालुक्याहून येते. मी त्यांना म्हणते, मला काय विचारता, मी पॉलिसी विकायचे. ते हसतात आणि सूज पुन्हा दाखवतात.

असो. त्या रविवारचं सांगते.

मटण शिजत होतं. आई वाटण परतत होती, मी भाकरीचं पीठ चाळत होते, दादा बनियनवर पेपर वाचत बसले होते. फोन वाजला. आप्पांचा आवाज ऐकून आईनं पदर घेतला आणि मी नेहमीसारखी फिस्सकन हसले. आप्पांना फोनवर ओरडायची सवय होती, त्यामुळं त्यांचं बोलणं खोलीभर ऐकू यायचं. त्यांच्या मागं दुकानातला कालवा. रविवारी सकाळी वाण्याच्या दुकानापुढं न्हावी बसायचा आणि अख्खी बाप्यामंडळी असायची. दाढीला आलेले, तंबाखू मळणारे, पेपर ऐकणारे.

"आरं, कमळच्या पोटात दुखतंय सकाळधरनं," आप्पा म्हणाले.

कमळवहिनी म्हणजे आप्पांची सून. आमच्या चुलतभावाचं नुकतंच लग्न झालेलं, तो पुण्याकडं कंपनीत कामाला. मोठी आई, म्हणजे आप्पांची बायको, आधीच वारली होती. घरात आप्पा आणि कमळवहिनी, दोघंच. बाईमाणूस दुसरं नाही.

"कुठल्या अंगाला दुखतंय?" दादांनी विचारलं.

"पोटात रं. हितं... खाली." आप्पा खोकले. "पोटात."

"उलटी?"

"मळमळतंय म्हणती. चक्कर येती. आन खांद्यात कळ मारती म्हणती."

आईचा हात थांबला. वाटण करपायला लागलं तरी तिचं लक्ष नाही. ती दादांच्या जवळ येऊन कुजबुजली, "इचारा, पाळी कवाची हाय?"

दादांनी डोळे वटारले. ती पुन्हा म्हणाली, "इचारा की." दादांनी रिसीव्हर हातानं झाकला. "येडी का खुळी तू? थोरल्या भावाला इचारू? त्याच्या सुनंचं?"

मग त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "आप्पा... दुसरं काही न्हाई ना?"

"दुसरं म्हंजी?"

"म्हंजी... दुसरं काही."

"न्हाई न्हाई. दुसरं काय असायचंय?"

झालं. दोन भाऊ, एकमेकांवर जीव टाकणारे. एकाला विचारता आलं नाही आणि दुसऱ्याला सांगता आलं नाही. आप्पांना माहीत असेल-नसेल, देव जाणे. माहीत असतं तरी दाढीचा साबण लावलेल्या दहा बाप्यांपुढं सासरा काय बोलणार? मग दादांचा आवाज पुन्हा नाकात गेला. वात धरलाय, वात वर खांद्यापर्यंत चढतो. ओव्याचं पाणी द्या, शेकायला सांगा, डब्यातली गुलाबी गोळी द्या, आंबट बंद. उद्या नर्सबाई आल्या की दाखवा. आप्पा म्हणाले, "बरं हाय," आणि फोन ठेवला. आईनं पदर खाली घेतला.

"तुम्ही इचारलं न्हाई," आई म्हणाली.

"मग तू घ्यायचा व्हतास फोन."

"मी? भाऊजींशी बोलू?"

"मग! तुला जमत न्हाई, मला बरं जमंल."

एवढंच भांडण. आई जेवली नाही, म्हणाली भूक नाही. दादा जेवले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. करपलेलं वाटण काढून टाकून तिनं नवं केलं होतं, आणि त्या दिवसाचं मटण फार चांगलं झालं होतं. मी दोनदा रस्सा घेतला. ते आठवलं की आजही वाटतं, आपण भुरके मारत होतो तेव्हा ती पोरगी तिकडं ओव्याचं पाणी पीत होती. माझ्याएवढीच होती की हो ती, एखाद्या वर्षानं मोठी.

सोमवारी दवाखान्यात डॉक्टर चहा पीत होते तेव्हा दादांनी सहज विषय काढला. म्हणजे सहज नसणार, रात्रभर त्यांना झोप नव्हती. आपलं बरोबर होतं एवढं डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं होतं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "पाळी चुकली होती का?" दादा म्हणाले, विचारलं नाही. मग खांद्याचं सांगितलं. डॉक्टरांनी कप खाली आपटला. "गाढवा, नवीन लग्न झालेली मुलगी, ओटीपोटात दुखतंय, चक्कर येतेय, वर खांदा दुखतोय! पोटात रक्त साठत असेल तिच्या! लाव फोन, आत्ताच्या आत्ता." बाकावर बसलेल्या पेशंटांपुढं दादांनी वाण्याचा नंबर फिरवला. वाणी म्हणाला, आत्ताच परसात पडली, पांढरीफटक झालीय, वस्तीतली माणसं नर्सबाईंच्या एसटीची वाट बघत बसलीयत. दादा ओरडले, "एसटीची वाट बघू नका! कुणाचाबी टेम्पो काढा. सरळ सिव्हिलला न्या, कुठं थांबू नका." टोमॅटो भरलेला एक टेम्पो मार्केटला निघाला होता. क्रेट रस्त्याच्या कडेला उतरवले आणि तिला त्यात घातलं. गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. तिथल्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या ऑपरेशनला घेतली. रक्त द्यायला वस्तीतली पोरं ट्रकनं गेली. वाचली. अगदी थोडक्यात वाचली.

वाचली हे ऐकून आई भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. मला वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! खरा छळ तिथून पुढं सुरू झाला, कारण गावानं दादांना डोक्यावर घेतलं. डॉक्टरांचा फोन आला म्हणून पोर वाचली. मुंबईत बसून त्यांनी वळखलं. आप्पा फोनवर लहान मुलासारखे रडले. "तू नसतास तर, बाळा." बाळा म्हणाले ते दादांना. दादा रिसीव्हर कानाला धरून उभे. सुगीत आप्पांनी बाजरीचं पोतं आणि भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या. आई भाकरी वाढायची आणि दादा दोन घास मोडून ताट सारायचे. "कसली बाजरी हाय ही, घशाखाली उतरत न्हाई," म्हणायचे. बाजरी चांगली होती. मी खात होते ना.

आणि दादांनी फोन घेणं सोडलं. दवाखान्यात गेले की माणूस ठीक असायचा. रविवारी फोन वाजला की चपला अडकवायचे आणि निघायचे, म्हणायचे, "न्हाईत म्हणून सांग." मी "नाहीत" सांगायचे. पलीकडचा माणूस विचारायचा, कवा येतील, पोरगी तापानं फणफणलीय. मी काय सांगणार? आई मग दादांवर तुटून पडायची, "कुणाचं लेकरू असंल! मीठ-साखरेचं पाणी सांगायला काय जातंय तुमचं?" दादा म्हणायचे, "मला जे कळतंय ते मला कळतंय का, हेच मला कळंना झालंय." या वाक्यावर मी तेव्हा चिडले होते. बायकामुलांपुढं असलं कोड्यात काय बोलायचं? आज दादांच्या वयाची होऊन गेल्यावर ते वाक्य मला नीट समजतं, आणि त्यांना एकटं वाटलं असेल याचं फार वाईट वाटतं. आम्ही दोघींनी त्यांना धीर द्यायचा सोडून नुसता तगादा लावला.

कमळवहिनी मुंबईत आली ती दाखवायला. ऑपरेशननंतर सारखी कंबर धरायची, म्हणून दादांच्या डॉक्टरांनीच इकडं आणा म्हटलं होतं. आमच्याकडं उतरली. हडकुळी झालेली, पण बोलायला एकदम मोकळी. मला "वन्सं" म्हणायची आणि मला ते फार आवडायचं. आल्या आल्या ती दादांच्या पाया पडायला वाकली. दादा असे मागं सरकले की पाटाला अडखळले. जेवताना तिच्याकडं बघायचे नाहीत. ती हौसेनं सांगायची, गावात सगळी काय म्हणतात, कसं तुमचं नाव काढतात. दादांचा चेहरा उतरत जायचा. आई विषय बदलायची. मला वाटायचं, उठावं आणि सांगून टाकावं सगळं. पण ते माझं सांगायचं नव्हतं, आणि खरं म्हणजे मला भीतीही वाटायची. सांगितलं आणि ती आमच्या तोंडावर थुंकली तर?

रविवारी दुपारी ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. फोन वाजला. दादांनी चपला पायात सरकवल्या.

"फोन वाजतोय की, धाकलं मामंजी," ती म्हणाली.

"वाजू दे."

"गावाचा असंल. आयतवार हाय."

दादा तिला ओलांडून जाऊ शकत नव्हते, ती दारातच बसलेली. फोन वाजून वाजून थांबला. दादा तसेच उभे राहिले आणि मग एकदम म्हणाले, "कमळ, मी डॉक्टर न्हवं. पुड्या बांधतो मी दवाखान्यात. बाटल्या धुतो."

आईनं गॅस बारीक केला. कमळवहिनीनं मान वर केली.

"ते म्हाईत हाय की," ती म्हणाली. "साऱ्या गावाला म्हाईत हाय. पर आयतवारी दुसरं हाय कोण?"

दादांनी हे कधी मनातही आणलं नसणार. माझे तर कान गरम झाले. इतकी वर्षं तो नाकातला आवाज, आणि सगळ्यांना माहीत!

"तुझ्या टायमाला मी चुकलो," दादा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "खरं इचारायचं ते इचारलंच न्हाई मी आप्पाला. ही सांगत व्हती, इचारा म्हणून. मला लाज वाटली. तू मेली असतीस, पोरी."

मी आईकडं बघितलं. ती खाली बघत म्हणाली, "मीबी फोन घ्यायला पायजे व्हता. भाऊजी हायत म्हणून घेतला न्हाई." आईला रडू फुटलं.

कमळवहिनीनं सूप बाजूला ठेवलं. ती चिडली नाही. चिडली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं.

"मामंजींना इचारून काय झालं असतं?" ती म्हणाली. "त्यास्नी कुठं काय म्हाईत व्हतं? दोन महिनं चुकल्यालं, वर डाग दिसाय लागल्यालं, मी कुणाला सांगितलं न्हवतं. कुणाला सांगू? घरात बाई न्हाई. पर मी तिथंच व्हते की हो."

"कुठं तिथं?" दादांनी विचारलं.

"दुकानात. मामंजींच्या मागनं चालत आले व्हते, पोट धरून. पायरीवर बसले व्हते. तुमचा आवाज ऐकू येत व्हता मला, ववा द्या म्हणालात तो. मला वाटलं, आता मला बोलवतील, मग बोलवतील. फोन ठिवला आन मामंजी म्हणाले, चल." तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "एवढ्या बाप्यांत लाज वाटली असती. पर मला दिला असता ना फोन, तर मी सांगितलं असतं."